उपसाहेबांची डावी बाजू

गाद्यांच्या त्या कंपनीत उपसाहेबांना नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. उपव्यवस्थापक म्हणून ते लागले तेव्हा हे ‘उप’ तात्पुरतं आहे असं त्यांना सांगण्यात आलं होतं, आणि त्यांनी ते खरं मानलं. त्यानंतर तीन साहेब येऊन गेले. एक बढतीवर गेला, एक दुसऱ्या कंपनीत गेला आणि एक सरळ वरच गेला. उपसाहेब होते तिथेच होते. नव्या भांड्यावरची चिठ्ठी घासूनही निघत नाही, अर्धी फाटते आणि उरलेली काळी पडते, तसं ते ‘उप’ त्यांना चिकटून बसलं होतं.

आता साहेबाची खुर्ची पुन्हा रिकामी झाली होती. या खेपेला ती हुकली, तर कंपनीकडून मिळण्यासारखी एकच गोष्ट उरत होती : निरोपाच्या दिवशीचं भिंतीवरचं घड्याळ.

खुर्चीवर डोळा असलेला दुसरा माणूस विक्री विभागातला. त्याला सगळे तुरा म्हणत. कानांच्या वरपर्यंत डोकं तासलेलं आणि टाळूवर केसांचा उभा झुबका, असं त्याचं ध्यान होतं. याला फेड म्हणतात. फेडमध्ये केस खाली कातडीपासून सुरू होतात आणि वर जाता जाता हळूहळू दाट होतात. म्हणजे धुकं विरळ होत जातं तसं दिसायला हवं. बहुतेकांचं, पाला खाणारी शेळी अर्ध्यात हाकलल्यावर कुंपण दिसतं तसं दिसतं.

उपसाहेबांचं फेडविषयीचं मत साऱ्या कँटीनला पाठ होतं. “उंदराने कुरतडलेली गादी आली तर आपण परत पाठवतो,” ते चहा फुंकत म्हणायचे, “आणि ही पोरं उंदराला पैसे देऊन डोकं कुरतडून घेतात!” यावर तुराही हसायचा. त्याला हसणं परवडत होतं.

उपसाहेबांपाशी मात्र एक कला होती, आणि ती तुऱ्यापाशी नव्हती. शोरूममध्ये गिऱ्हाईक आलं की ते कंपनीच्या ‘मेघशय्या’ गादीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवायचे, शेजारी एका कुशीवर आडवे व्हायचे, चार वाक्यं बोलायचे आणि बोलता बोलता कूस बदलायचे. थेंब सांडायचा नाही. “शेजारच्या माणसाची झोप मोडणार नाही,” असं ते छताकडे बघत म्हणायचे, आणि भांडून आलेली नवरा-बायको एकमेकांकडे बघून गादी घ्यायची. त्या एका कुशीवर कंपनीच्या निम्म्या गाद्या खपल्या होत्या. साहेबपदाच्या प्रत्येक उमेदवाराने हे करून दाखवायचं, असा पुढे दंडकच पडला. आडवं झाल्याशिवाय त्या कंपनीत कुणी वर चढत नसे.

तेव्हा उपसाहेबांना खरं तर काळजीचं कारण नव्हतं. पण मुख्य कार्यालयातून सूचना आली : पंधरवड्याने मुलाखती, ‘तरुण व ताज्या नेतृत्वाला’ प्राधान्य.

“ताजं म्हणजे काय? भाजी आहे का?” उपसाहेब सूचनाफलकाला म्हणाले. मग स्वच्छतागृहात गेले, दाराला कडी घातली आणि आरशात बघत बसले.

आरशातलं डोकं कुळकुळीत काळं होतं. इतका काळा रंग निसर्गात एक कोळशाच्या खाणीत सापडतो आणि दुसरा उपसाहेबांच्या डोक्यावर सापडे. दर रविवारी सकाळी घरी हे रंगकाम चाले. हे गुपित फक्त दोघांना ठाऊक आहे अशी त्यांची समजूत होती, बायकोला आणि गल्लीतल्या म्हाताऱ्या न्हाव्याला. न्हाव्याची जीभ कात्रीपेक्षा जलद चालत असल्यामुळे ते बाकी गल्लीलाही ठाऊक होतं. त्या न्हाव्याला एकच कट येत असे, आणि तोही पूर्ण येत नसे. पण कानांवर केस सोडून रंगाचं पितळ झाकायची सवय मात्र त्याच्या हाताला होती. अनुभवी माणसं ऐटीत म्हणतात ना, ‘माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत’? ते वाक्य म्हणायचा हक्क उपसाहेबांनी कधीच कमावला होता. पण म्हणायची सोय नव्हती.

शेवटी एका शनिवारी, म्हाताऱ्या न्हाव्याचं दुकान टाळायला मागच्या गल्लीने वळसा घालून, ते नव्या सलूनमध्ये शिरले. आत काचच काच होती. भुवईत चीर पाडून घेतलेला एक तरुण पुढे आला. तो स्वतःला न्हावी म्हणवत नव्हता, स्टायलिस्ट म्हणवत होता. फरक इतकाच की न्हावी विचारून कापतो आणि हा फोटो दाखवून कापतो.

“काय करू या, सर?”

“फेड,” उपसाहेब दबक्या आवाजात म्हणाले.

“लो, मिड की हाय?”

“म्हणजे?”

“लो कानाजवळच संपतो. मिड कपाळाच्या कोपऱ्यापर्यंत येतो. हायमध्ये...” त्याने हात टाळूशी नेला, “वर टोपीच उरते म्हणा ना.”

“मिड,” उपसाहेब म्हणाले. जन्मभर मधल्या पदावर काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

फोटोंमधून त्यांनी एका पोराकडे बोट दाखवलं. त्या पोराला जबडा होता. उपसाहेबांचा चेहरा त्या जागी सरळ कॉलरमध्ये उतरत असे. स्टायलिस्टने फोटो पाहिला, उपसाहेबांना पाहिलं आणि म्हणाला, “मस्त जाईल तुम्हाला.” अशा माणसांचा धंदा बुडत नाही.

“स्किन करायचा की शॅडो? स्किनला खाली पार कातडी दिसते. शॅडोला जरा खुंटं ठेवतो, सावलीसारखी. सर, तुम्ही कलर करता ना? मग काय होतं...”

“कोण म्हणतं?” उपसाहेब खुर्चीतल्या खुर्चीत ताठ झाले. “मी कसलाही कलर करत नाही.”

स्टायलिस्टने त्यांच्या मानेवरून नुकताच फिरवलेला ओला रुमाल पाहिला. तो काळा झाला होता. त्याने तो घडी करून बाजूला ठेवला.

“बरोबर आहे, सर. नॅचरलच वाटतो.”

“स्किन कर. करायचं तर नीट करू.”

पुढची सूचना त्याने गिळली. गिऱ्हाईकाच्या खोटेपणाला धक्का लावायचा नाही, हे त्याचं पहिलं तत्त्व होतं. दुसरं तत्त्व केसांत घालायची पावडर विकायचं. ती विकून त्याने वर सांगितलं, “दहा-बारा दिवसांनी मेंटेन करायला यायचं हं, सर. फेड पाळावा लागतो.”

घरी बायकोने दार उघडलं आणि आधी जिन्यात डोकावून पाहिलं.

“अहो, पडलात कुठे? टाके घातलेत का?”

“याला फेड म्हणतात.”

“कानांना सांगितलंत का तसं? केवढे दचकून बाहेर आलेत!”

ऑफिसमध्ये मात्र कौतुक झालं. तुरा तर टेबलाला वळसा घालून आला. “काय लूक आहे, काका! एकदम कॉलेजकुमार!” आजवर तो त्यांना ‘सर’ म्हणत होता. तरुण दिसायला लागल्याबरोबर ते त्याचे काका झाले. पण उपसाहेबांना त्या वाक्यातलं कॉलेज तेवढं ऐकू गेलं.

दोन-तीन दिवस असे सुखाचे गेले. मग एका सकाळी दाढी करून झाल्यावर त्यांना कानांच्या वर साबणाचा फेस दिसला. त्यांनी टॉवेलने पुसला. पुन्हा पुसला.

बायको चहा घेऊन दारात उभी होती. “पुसून जायचं नाही ते,” ती म्हणाली. “वय आहे ते.”

कातडीपर्यंत भादरलेल्या जागी खुंटं उगवली होती, आणि ती काही कलपासकट उगवली नव्हती. खाली दोन्ही बाजूंना पांढरंशुभ्र, वर कुळकुळीत काळं. लोणच्याच्या पांढऱ्या बरणीला काळं झाकण बसवावं, तसे उपसाहेब दिसत होते. पूर्वी कानांवर केस होते तेव्हा मुळं पांढरी असली तरी झाकून जायची. आता लपायला मुळांना झाडच नव्हतं.

त्यांनी तातडीने कलप कालवला. पण एवढ्याशा खुंटांवर कलप धरत नाही, कातडीवर मात्र छान धरतो. खुंटं पांढरीच राहिली आणि मधली कातडी काळी झाली. मग खोबरेल झालं, साबण झाला, शेवटी भांड्यांची घासणी झाली. काळेपणा गेला तेव्हा कान सोललेल्या बिटासारखे झाले होते आणि खुंटं होती तशीच हसत होती.

“हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हात दाखवून,” बायको म्हणाली. “तुम्ही डोकं दाखवलंत.”

सलूनला फोन केला, तर मुलाखतीच्या नंतरच्या आठवड्यापर्यंत सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. गावात डोक्यांपेक्षा फेड जास्त झाले होते. म्हाताऱ्या न्हाव्याकडे जायचं, तर आधी मान खाली घालावी लागणार, आणि मान खाली घातली की बाजू दिसणार. मग उपसाहेबांनी केस कापायचं यंत्रच विकत आणलं. त्याला लावायचे प्लॅस्टिकचे कंगवे डबीत होते. मोठा कंगवा लावला की केस लांब राहतात, छोटा लावला की आखूड, आणि काहीच लावलं नाही की राहत नाहीत. रोज सकाळी ते खालची पांढरी पट्टी यंत्राने साफ करत आणि वरची कड कंगवा लावून जुळवत. लोक पहाटे व्यायाम करतात, पुस्तकं वाचतात. उपसाहेब कान दुमडून उभे असत.

मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी सगळं नीट करायचं ठरवलं. यंत्र साफ केलं. कंगवा धुऊन खिडकीत वाळत ठेवला. मग आरशासमोर उभं राहून, उद्याच्या पहिल्या वाक्याची जुळवाजुळव करत, त्यांनी यंत्र डाव्या कानावरून झोकात वर नेलं. कंगवा खिडकीत वारा खात होता.

गवतातून पाऊलवाट जावी तशी कपाळाच्या कोपऱ्यापर्यंत एक वाट पडली.

फेडचा एक नियम आहे, आणि तो उपसाहेबांना त्या संध्याकाळी कळला. चूक खाली होते, दुरुस्ती वर चढते. वाट लपवायची तर आजूबाजूचं काढावं लागतं. आजूबाजूचं काढलं की कड दिसते. कड मोडायची तर आणखी वर जावं लागतं. मिडचा हाय झाला. हायच्या वर कारागिरांनी नाव ठेवलेलं नाही, कारण तिथे शहाणी माणसं जात नाहीत.

“अगं ए! जरा बघ तरी!”

बायको आली. तिने डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. उजवी बाजू अजून बरी होती. डावीकडे मात्र काळ्या केसांची एक स्वच्छ पायरी झाली होती. तिच्यावर वाटी ठेवली तर राहिली असती.

“सगळंच काढून टाका ना, एकदाचं.”

“टक्कल? आणि ताजं नेतृत्व?”

“मग उजवीकडूनच दिसा दिवसभर,” ती म्हणाली आणि गेली.

टोमणा आणि सल्ला यांतला फरक ओळखायला संसारात निदान एकदा तरी बायकोचं बोलणं पूर्ण ऐकलेलं असावं लागतं. उपसाहेब याला सल्ला समजले. रात्री ते निश्चिंत झोपले. अर्थात डाव्या कुशीवर.

मुलाखती शोरूममध्येच होत्या. उपसाहेब सगळ्यांच्या आधी पोहोचले आणि उमेदवाराची खुर्ची त्यांनी अशी तिरकी सरकवली की डावा कान उशांच्या कपाटाकडे राहील. समोर दोन अधिकारी बसले, आणि मध्ये मुख्य कार्यालयातून आलेल्या मोठ्या बाई. बाईंचे केस आखूड होते आणि सगळेच्या सगळे पांढरे होते. त्यांनी ते नुसते तसेच ठेवले होते, जणू त्यात विशेष काही नव्हतं. उपसाहेबांना त्यांची जरा कीव आली.

प्रश्नोत्तरं उत्तम झाली. कपाटाच्या बाजूचा अधिकारी काही विचारायला लागला की उपसाहेब मान न वळवता फक्त बुबुळं वळवत. आपण असं डोळ्यांच्या कोपऱ्यातून तोलले जातोय, याचं त्या अधिकाऱ्याला दडपणच आलं. त्याने दोन प्रश्न विचारले आणि तिसरा सोडून दिला.

“छान,” मोठ्या बाई म्हणाल्या. “आता ती तुमची कूस. फार ऐकलंय तिच्याबद्दल.”

मेघशय्या तयार होती. उपसाहेबांनी बूट काढले, ग्लास काठोकाठ भरून ठेवला आणि ते डाव्या कुशीवर आडवे झाले. डावा गाल उशीत रुतला. आता जगाला त्यांची फक्त बरी बाजू दिसत होती. त्यांना इतकं सुरक्षित वाटलं की ते त्या दिवशी बोलले तसे आयुष्यात कधी बोलले नव्हते. पाठीचा कणा, कापसाचा श्वास, शेजाऱ्याची झोप. दोन्ही अधिकारी माना डोलावत होते. खुर्ची एका कुशीवर येऊन ठेपली होती.

“वा,” मोठ्या बाई म्हणाल्या. “आता बदला.”

उपसाहेब हलले नाहीत.

“कूस बदला ना.”

“मॅडम, याच बाजूने गादीचा गुण जास्त चांगला...”

“गादीला बाजू असते?”

“नाही, तशी नसते. पण गिऱ्हाईक साधारण इथवरच पटतं.”

“पाणी सांडेल असं वाटतंय का तुम्हाला?”

“छे छे! थेंब सांडायचा नाही.”

“मग बदला.”

दाराच्या फटीतून तुऱ्याचा झुबका डोकावत होता. उपसाहेबांनी डोळे मिटले. कूस बदलावी, तर पायरी दिसणार. न बदलावी, तर ‘उप’ जात नाही. अशा वेळी माणसाने शहाणपणाने कुठलं तरी एक निवडावं. उपसाहेबांनी दोन्ही साधायचं ठरवलं. त्यांनी उशी डाव्या कानाशी घट्ट आवळली आणि उशीसकट वळायला गेले.

ही कूस त्यांनी हजारदा बदलली होती, पण ती मोकळ्या हातांनी. कोपराला आधार सापडला नाही. देह अर्धा वळला, तिथेच अडकला आणि मग धप्पकन पडला. शोरूमच्या इतिहासात पहिल्यांदाच ग्लास आडवा झाला, आणि सगळं पाणी मेघशय्या पिऊन गेली.

उपसाहेब कानाला उशी लावून, दूरध्वनी ऐकत असल्यासारखे, छताकडे बघत पडून राहिले. डाव्या बाजूचा एक केससुद्धा कुणाला दिसला नाही. तेवढं मात्र त्यांनी साधलं.

मोठ्या बाईंनी ओल्या गादीवर तळहात दाबून पाहिला.

“इतकी वर्षं तुम्ही ही गादी विकताय,” त्या शांतपणे म्हणाल्या, “आणि तिच्यावर वळायचा भरवसा तुम्हाला स्वतःला नाही. माझे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत. माणूस काहीतरी लपवतोय, एवढं मला कळतं. या मालात दोष आहे, आणि तो तुम्हाला ठाऊक आहे.”

“मॅडम, मालात नाही हो दोष!”

“मग कशात आहे?”

उत्तर कानापाशी होतं. उशी बाजूला केली असती तर बाई कदाचित हसल्याही असत्या, आणि हसलेला माणूस खुर्ची देऊन टाकतो. उपसाहेबांनी उशी आणखी घट्ट धरली.

“सांगता येत नाही,” ते म्हणाले.

गोदामातल्या सगळ्या मेघशय्या तपासणीला गेल्या. त्यांच्या जागी साध्या कापसाची गादी टाकून तुऱ्याला आत बोलावलं. तो वाळूचं पोतं कलंडावं तसा या कुशीवरून त्या कुशीवर कलंडला. पाणी डचमळलं, पण काठावरून परत फिरलं. “निदान वळला तरी,” असं म्हणून मोठ्या बाईंनी त्याला साहेब केलं. मोठमोठ्या पदांच्या लायक्या पुष्कळदा एवढ्याच असतात.

उपसाहेब दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या न्हाव्यासमोर जाऊन बसले. त्याने डोकं पुढून, मागून आणि डावीकडून तब्येतीत पाहून घेतलं, आणि तेवढ्यात शेजारच्या दुकानदारालाही बोलावून दाखवलं.

“बाहेरचं खाल्लं की असं होतं,” तो म्हणाला आणि सगळं डोकं साफ केलं. त्याला येणारा एकमेव कट करायलाही काही शिल्लक नव्हतं.

महिन्याभरात मेघशय्या निर्दोष ठरून परत आल्या. उपसाहेबांच्या डोक्यावर शेवरीच्या कापसासारखी पांढरी लव आली. कलपाचं नाव बायकोने काढू दिलं नाही. शोरूममध्ये पाण्याचा ग्लास पुन्हा भरला जाऊ लागला आणि ते पुन्हा दोन्ही बाजूंनी वळू लागले, पूर्वीसारखेच, लोण्यासारखे. फक्त टाळ्या आता नव्या साहेबाच्या विभागाला मिळत.

एका सकाळी नव्या साहेबाने त्यांना केबिनमध्ये बोलावलं. तुरा खिडकीपाशी उभा होता. ऊन थेट त्याच्या कानावर पडलं होतं.

“काका, पुढच्या आठवड्यात मोठ्या बाई येताहेत. सगळ्यांनी जरा टापटीप हवं. मीही फेड ताजा करून घेतो. हल्ली सलूनवाला तो शॅडोमध्ये करतो, पण मला काही तसा उठावदार वाटत नाही. तुम्हाला काय वाटतं?”

उपसाहेबांनी निरखून पाहिलं. कानाच्या वर, सावलीसारख्या खुंटांत, पांढरी खुंटं चमकत होती. बरीच होती. आणि झुबक्याचा काळा रंग, आता नीट पाहिलं तर, त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता. रविवारी सकाळचा.

“स्किन करा, साहेब,” उपसाहेब मायेने म्हणाले. “करायचं तर नीट करा.”